‘पाणी’ अडतं, ‘मारबत’ निघते

एका मुलीचा प्रश्न आहे. वडील ६४ वर्षांचे, कॉटन मार्केटात भाजीची अडत. चार महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात बऱ्यापैकी सुधारला, बोलणं अजून तुटक आहे. ‘पाणी’ म्हणायचं तर ‘प… प…’ करून थांबतात. चमचा हवा असला की ‘चाकू’ म्हणतात आणि लगेच स्वतःवरच चिडतात. पण तान्ह्या पोळ्याला घरावरून मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक गेली, पोरं ‘ईडा पीडा घेऊन जा गे…’ ओरडली आणि बाबा खिडकीतून खणखणीत ‘मारबत!’ म्हणाले. आई म्हणते, ‘पाहा, येते यांना, मुद्दामच बोलत नाहीत.’ मुलगी विचारते: रिपोर्टात ‘ब्रोकाचा भाग गेला’ असं आहे. बोलण्याचं केंद्रच गेलं, तर मग हा शब्द आला कुठून?

आधी आईंच्या शंकेचं. नाही, ते मुद्दाम करत नाहीत. ‘मघाशी तर बोलले, मग आता का नाही?’ हे वाक्य मी नागपुरात, धंतोलीतल्या माझ्या स्पीच थेरपीच्या खोलीत २३ वर्षं ऐकते आहे आणि म्हणणाऱ्याचा त्यात दोष नसतो, कारण बाहेरून ते अगदी तसंच दिसतं. घोळ आहे तो आपण ‘सोपा शब्द’ कशाला म्हणतो त्यात. तहान लागली आहे, कोणी काही विचारलेलं नाही, आणि कोऱ्या पाटीवर ‘पाणी’ उमटवायचं आहे, हे मेंदूसाठी ‘मारबत’पेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे. का, ते सांगते. थोडं लांबेल.

‘केंद्र’ ही कल्पना १८६१ची. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण होता, त्याला समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं फक्त ‘तां’. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला आणि डाव्या कपाळामागच्या खालच्या भागात इजा सापडली. १८७४ साली कार्ल वेर्निकेने उलट जातीचे रुग्ण मांडले: बोलणं धो धो, पण अर्थ हरवलेला आणि समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही. त्यांची इजा कानाच्या वर-मागे. झालं, चित्र तयार झालं: पुढे बोलण्याचं ऑफिस, मागे समजण्याचं ऑफिस, मधून एक तार. हे चित्र इतकं सुटसुटीत आहे की दीडशे वर्षं झाली तरी रिपोर्टांतून जात नाही. पण त्या ‘तां’वाल्या माणसाचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. २००७ साली त्याचं एमआरआय प्रसिद्ध झालं, तेव्हा इजा ब्रोकाने पाहिली त्याहून बरीच खोल निघाली. वरच्या पृष्ठभागाखालून पुढच्या-मागच्या भागांना जोडणारे तंतूंचे जुडगेही त्यात गेले होते. म्हणजे पहिल्याच ‘केंद्रा’च्या रुग्णाचे रस्तेसुद्धा तुटलेले होते.

मला स्वतःला त्याहून मोलाचं वाटतं ते २०१५चं एक काम. फिट्सच्या शस्त्रक्रियेसाठी काही रुग्णांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड ठेवलेले होते. त्यांना शब्द म्हणायला लावले. ब्रोकाचा भाग शब्द तोंडातून निघण्याआधी जोरात काम करत होता आणि प्रत्यक्ष उच्चार सुरू झाला तेव्हा जवळजवळ गप्प होता. तेव्हा बोलत होता तो त्याच्या मागचा पट्टा, जो ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र हलवतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जाग्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत हे भाग थोडे थोडे थंड करून पाहिले. ब्रोकाच्या बाजूला थंड केलं की बोलण्याचा वेग बदलायचा, बहुधा संथ व्हायचा. मागचा पट्टा थंड केला की उच्चार बोबडे व्हायचे. तुमच्या बाबांच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ब्रोकाचा भाग हा ओरडून भाव सांगणारा नव्हे. कुठला माल कुठल्या क्रमाने गाडीत चढवायचा ते पाहणारा तो दिवाणजी आहे. गाडी हलली की त्याचं काम संपलं.

आता वेळेचा हिशेब, कारण सगळं गूढ तिथेच उकलतं. चित्र दाखवलं आणि ‘कप’ म्हणायला सांगितलं, तर निरोगी माणसाला तोंड उघडेपर्यंत साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. वस्तू ओळखणं, शब्द निवडणं, त्याचे ध्वनी गोळा करणं, जिभेला हुकूम देणं, असे टप्पे एकामागून एक आणि थोडे एकमेकांवर चढलेले. आणि गप्पांमध्ये? दहा भाषांच्या संभाषणांचा अभ्यास २००९ साली छापला गेला. त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची मोकळी जागा सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास आली. एक शब्द तयार व्हायला ६०० लागतात आणि आपण २०० मध्ये उत्तर देतो. याचा अर्थ एकच: समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार ते ओळखतो आणि आपलं जुळवायला घेतो. ऐकणं म्हणजे वाट पाहणं नाही, पुढे धावणं आहे.

मराठीत हे धावणं फार मजेशीर होतं. नागपुरात कुणी ‘संत्र्याची…’ म्हणून थांबलं, तर तुमच्या मनात काय आलं? बर्फी. फार तर बाग किंवा वाडी. ‘संत्र्याचा…’ म्हटलं असतं तर रस. ‘संत्र्याचं…’ म्हटलं असतं तर सरबत. शेवटच्या एका स्वराने अख्खी यादी बदलली. तसंच ‘आईने पोळी…’ इथवर ऐकलं की ‘लाटली’, ‘केली’, ‘भाजली’ यांपैकी काहीतरी येणार, ‘करते’ येणार नाही, हे कान आधीच ठरवून बसतो, कारण तो ‘ने’ बहुधा भूतकाळाची वर्दी देऊन गेलेला असतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मराठी ऐकणारा अख्खं वाक्यभर असे पुरावे गोळा करत जातो.

अंदाज चुकला की मेंदूत त्याची नोंद दिसते. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून दाखवलं की वाक्याला न शोभणारा शब्द आला (समजा, ‘आईने चहात विटा घातल्या’) तर शब्दानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी विजेची एक ठरावीक लाट मोठी होते. शब्द जितका अनपेक्षित तितकी लाट मोठी. आता यात एक भांडणही आहे, ते सांगितलं पाहिजे. २००५च्या एका गाजलेल्या प्रयोगात असं निघालं की इंग्रजी वाचणारा नामाआधीचं ‘अ’ किंवा ‘अॅन’ पाहूनच दचकतो, म्हणजे पुढच्या शब्दाचा आवाजसुद्धा त्याने आधीच धरलेला असतो. २०१८ साली नऊ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नामावरचा परिणाम टिकला, ‘अ-अॅन’वरचा सापडला नाही. मेंदू अंदाज बांधतो हे पक्कं. किती बारीक बांधतो यावर अजून खल चालू आहे. ‘मेंदू प्रत्येक अक्षर आधीच जाणतो’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर जरा दमाने घ्या.

इथवर दुसऱ्याच्या बोलण्याचा अंदाज झाला. पण मेंदू स्वतःच्या बोलण्याचाही अंदाज बांधतो, आणि माझ्या मते बोलण्याच्या यंत्रणेचा कणा हाच आहे. जिभेला हुकूम सुटतो तेव्हा त्याची एक प्रत कानाच्या वरच्या श्रवणभागाकडेही जाते: ‘आता असा असा आवाज येणार आहे, तयार राहा.’ आलेला आवाज त्या अंदाजाशी जुळला तर श्रवणभाग शांत राहतो. म्हणूनच स्वतःचा आवाज ऐकताना तिथली हालचाल दबलेली सापडते, आणि तोच आवाज टेपवरून ऐकवला तर दबत नाही. जुळलं नाही तर पुढचा हुकूम दुरुस्त होतो. १९९८ सालच्या एका प्रयोगात माणसांच्या बोलण्यातला स्वर यंत्राने किंचित बदलून त्यांच्याच कानात सोडला. काही वेळात ती माणसं उलट्या बाजूला बदलून बोलायला लागली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हे अनुभवायचं असेल तर कस्तुरचंद पार्कवरच्या एखाद्या सभेत वक्त्याकडे नीट पाहा. त्याच्यापासून ७० मीटरवर मोठा भोंगा त्याच्याकडे तोंड करून असेल, तर सेकंदाला ३४० मीटर या हिशेबाने त्याचा आवाज त्याच्याच कानावर साधारण २०० मिलिसेकंद उशिरा येतो. सवय नसलेला माणूस अडखळतो, शब्द लांबवतो, कधी चक्क थांबतो. उशिरा आलेल्या आवाजाने बोलणं बिघडतं हे १९५० सालीच दाखवलं गेलं आहे आणि सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो साधारण याच अंतराला. जीभ बरी, घसा बरा, शब्द ठाऊक. फक्त अंदाज आणि प्रत्यक्ष यांची सांगड तुटली की एवढं होतं.

ही सांगड घालणारे कोण कोण, तेवढं पटकन सांगते. कानाच्या मागून वर वळून कपाळाच्या भागात जाणारा तंतूंचा एक जाड जुडगा आहे, आर्क्युएट फॅसिक्युलस. त्याच्या वाटेने ध्वनीचं हालचालीत रूपांतर होतं. कानाच्या खालून पुढे जाणारी दुसरी वाट ध्वनीला अर्थाशी जोडते. या दोन वाटांचा आराखडा ग्रेगरी हिकॉक आणि डेव्हिड पोपेल यांनी २००७ साली मांडला, आणि आज आम्ही बहुतेक जण रुग्ण समजून घेताना तोच डोक्यात ठेवतो. मागच्या बाजूचा लहान मेंदू वेळ आणि अचूकपणा सांभाळतो. २०१२ साली त्याच्या उजव्या बाजूवर चुंबकीय झटके दिले, तेव्हा वाक्याचा पुढचा शब्द ओळखून तिकडे नजर वळायला लोकांना उशीर व्हायला लागला. म्हणजे तो नुसता तोल सांभाळणारा नाही. खोलवरचे बेसल गँग्लिया सुरुवात करून देतात आणि पाठ झालेल्या गोष्टी एका झटक्यात सोडतात. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होत जातो त्याचं मूळ तिथेच.

पहिली वाट तुटल्यावर काय होतं ते मी महालातल्या एका आजींकडून शिकले. कुलपाचं चित्र दाखवलं. आजी म्हणाल्या, ‘लुकूप… नाही बाई… कुपूल… कु… कुलू…’ प्रत्येक वेळी मान हलवायच्या, पदराने तोंड पुसायच्या, पुन्हा सुरू. पाचव्या-सहाव्या फेरीत ‘कुलूप!’ आणि टेबलावर थाप. समजणं ठीक, बोलणं ओघवतं, पण मी म्हटलेला शब्द माझ्यामागून म्हणायचा म्हटला की असाच खेळ. त्यांना शब्दाचा आवाज आत ऐकू येत होता, प्रत्येक चूक कळत होती, फक्त आवाजावरून जिभेचा नकाशा काढणारी वाट खचली होती.

आता तुमच्या बाबांच्या ‘चाकू’कडे येते. चमचा आणि चाकू दोन्ही एकाच खणातले, दोन्ही ‘च’चे. शब्द निवडताना मेंदूत एकटा ‘चमचा’ जागा होत नाही. अर्थाचे शेजारी आणि आवाजाचे शेजारी सगळेच उठून बसतात. ज्याच्याशी दोन्हीकडून शेजार, तो चुकून पुढे घुसण्याची शक्यता सर्वांत जास्त. पुढचा भाग धडधाकट असला की तो बाकीच्यांना बसवतो. बाबांचा तोच भाग दुखावला आहे. पण मला त्यांच्या चुकीपेक्षा त्यांच्या चिडण्यात जास्त रस आहे. ते चिडतात, कारण ‘चमचा’चा अंदाज आत तयार होता आणि कानावर ‘चाकू’ आला, आणि फरक त्यांना कळला. ज्याची पाठीमागची बाजू दुखावली आहे असा रुग्ण ‘चाकू’ म्हणतो आणि खुशाल पुढे जातो, वर आपणच बहिरे आहोत असा चेहरा करतो. त्याच्यावर काम करणं फार अवघड. बाबांचा तपासनीस जागेवर आहे. पहिल्या भेटीत मला हे दिसलं तर मी फाईलवर तारीख घालून लिहून ठेवते.

राहिली मारबत. ‘ईडा पीडा… घेऊन जा गे मारबत’ हे बाबांनी लहानपणापासून वर्षातून एकदा गर्दीत, ढोलाच्या ठेक्यावर म्हटलं आहे. असं वाक्य शब्द शब्द जोडून बनत नाही, ते एक अखंड लड म्हणून साठवलेलं असतं, बे एके बे, बे दुणे चारसारखं. पहिलं टोक ओढलं की शेवटचं येतं. निवड करायची नाही, शेजाऱ्यांना बसवायचं नाही, क्रम लावायचा नाही. शिवाय पोरांच्या आवाजाने ठेका आणि अंदाज दोन्ही आयते दिले होते. उरलं होतं फक्त उंबरठा ओलांडणं. या लडी सोडण्यात उजव्या मेंदूचा आणि बेसल गँग्लियाचा मोठा हात असावा असं बरेच पुरावे सांगतात. १९९३ साली एका रुग्णाची नोंद झाली, त्याची इजा उजव्या बेसल गँग्लियात होती. साधं बोलणं शाबूत, पण आयुष्यभराच्या पाठ प्रार्थना त्याला म्हणता येईनात. तुमच्या बाबांच्या नेमकं उलट. वाटल्यास एकदा मारबतीचा फोटो दाखवून ‘हे काय?’ विचारा. बहुतेक येणार नाही. फक्त एकदाच करा, परीक्षा घेऊ नका.

मग ही लड उपचारात वापरायची का? हो, पण जपून. नुसतं पाढे म्हणवून घेतले की घरच्यांना आनंद होतो आणि रुग्ण तिथेच राहतो. लडीचा उपयोग यंत्रणा तापवायला. त्यानंतर लगेच अंदाजाचा टेकू द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा. इथे मराठीची एक गंमत आहे, ती मला पहिल्या चार-पाच वर्षांत कळली नव्हती. इंग्रजी पुस्तकातले व्यायाम ‘वाक्य सुरू करा, शेवटचा शब्द रुग्णाला म्हणू द्या’ असे असतात. इंग्रजीत शेवटी बहुधा नाम येतं. मी तेच भाषांतर करून वापरायचे: ‘मी चहात साखर…’ आणि रुग्णाकडून मिळायचं ‘घातली’. नाम मध्येच अडकलेलं! नाम काढायचं तर आपल्याकडे चौकट दुसरी लागते. जोड्या घ्या: कुलूप-किल्ली, सुई-दोरा, ऊन-पाऊस. नाहीतर संत्र्याच्या बर्फीची युक्ती, शेवटाला लिंग सांगणारा शब्द.

‘पाणी’साठी असं करा. ते ‘प… प…’वर अडतात, म्हणजे पहिला ध्वनी त्यांच्याकडे आहेच, तो परत देऊन उपयोग नाही. त्यांच्यासमोर बसा, माठाकडे बोट करा आणि संथपणे म्हणा, ‘माठातलं गार…’ आणि थांबा. ‘माठातलं’ने नपुंसकलिंग सांगितलं, ‘गार’ने बाकी यादी पुसली, माठ डोळ्यांसमोर आहे. मनातल्या मनात दहा अंक मोजा. ही दहा अंकांची शांतता घरच्यांना सर्वांत जड जाते. चौथ्या अंकाला कोणीतरी ‘पाणी का?’ म्हणतंच. म्हणू नका. आलं तर लगेच पाणी द्या, टाळ्या नकोत. तीन-चार दिवसांनी ‘माठातलं…’ एवढंच. नंतर फक्त माठाकडे पाहायचं. टेकू जितका लहान होईल तितकं काम त्यांच्या स्वतःच्या पुढच्या भागाकडे आणि त्याच्या आजूबाजूच्या वाचलेल्या पेशींकडे जातं.

बाजारही वापरा. जुने व्यापारी भेटायला आले तर त्यांना मध्येच भाव विचारू द्या. आकडे आणि ‘किलो’, ‘कट्टा’, ‘क्रेट’ हे शब्द बाबांच्या तोंडी हजारो वेळा गेलेले आहेत. मराठीऐवजी हिंदीत भाव आला तरी अडवू नका, बाजारात त्यांची निम्मी बोली हिंदीतच होत असणार. चार महिने म्हणजे अजून सुधारण्याचा काळ आहे. नियमित थेरपी चालू ठेवा, आणि शहरात स्पीच थेरपिस्ट निवडताना तो मराठीत व्यायाम घेतो का ते आवर्जून विचारा. बोलणं अचानक आणखी बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात पुन्हा गळाला तर मात्र व्यायाम-बियायाम बाजूला ठेवून थेट दवाखान्यात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुधा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं.

आणि जेवताना ते ‘चाकू’ म्हणाले तर चमचाच द्या. देताना त्यांच्याकडे बघून ‘चमचा’ एवढंच म्हणा, आणि भाजी वाढा.